अंधाराला राखणारे नगर

१६६७ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत पॅरिसचा पोलीसप्रमुख ला रेनी याने शहराच्या रस्त्यांवर मेणबत्त्यांचे कंदील टांगविले. लंडनमध्ये तर त्याच्याही पूर्वीपासून हिवाळ्याच्या रात्री घरमालकाने आपल्या दारावर कंदील लावलाच पाहिजे असा दंडक होता. आपल्या मुंबईत गॅसचे दिवे आले ते १८६५ साली. नगरशासन आणि रात्रीचा उजेड यांच्या नात्याचा आरंभ असा आहे. शासनाने नागरिकाला सांगावयाचे, 'दिवा लाव'. आणि नागरिकाने कुरकुरत का होईना, तेलाचा किंवा मेणाचा खर्च सोसावयाचा. चोर, दरोडेखोर, चिखल आणि उघडी गटारे यांच्या भीतीने माणसाने रात्रीला मागे रेटले. त्यात गैर काहीच नव्हते. ज्याने कंदिलाच्या काजळीत डोळे फोडून अभ्यास केला आहे, त्याला विजेच्या दिव्याची थोरवी कोणी वेगळी पटवून देण्याची गरज नाही.

परंतु पॅरिसच्या त्या कंदिलांनंतर सुमारे तीनशे वर्षांनी एका लहानशा नगराने याच्या अगदी उलट कायदा केला. 'दिवा आवर' असे सांगणारा, बाहेरच्या प्रखर उजेडावर मर्यादा घालणारा जगातील हा पहिला स्थानिक कायदा मानला जातो. त्या नगराचे नाव फ्लॅगस्टाफ. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर, पाइन वृक्षांच्या दाट वनात ते वसले आहे. १८७६ च्या स्वातंत्र्यदिनी एका पाइनच्या फांद्या छाटून त्याच्या बुंध्यावर ध्वज फडकविला गेला, त्यावरून गावाला 'ध्वजस्तंभ' हे नाव पडले असे सांगतात. पुढे रेल्वे आली, मग शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा प्रसिद्ध 'रूट ६६' हा महामार्ग गावातून गेला. लाकूडतोडे, मेंढपाळ, रेल्वेचे कामगार आणि वाटसरू यांच्यावर जगणारे ते गाव होते.

अशा गावाने अंधाराची काळजी का वाहावी? त्याचे कारण १८९४ सालात आहे. बोस्टनचा धनाढ्य गृहस्थ पर्सिव्हल लोवेल याला मंगळ ग्रहाचे वेड लागले होते. मंगळावर कालवे आहेत आणि ते बांधणारी बुद्धिमान जमात तेथे राहते, अशी त्याची पक्की समजूत होती. ती समजूत पुढे साफ खोटी ठरली. पण तिच्या पायी त्याने उत्तम हवामानाची आणि काळ्याभोर आकाशाची जागा शोधावयास माणूस धाडला, हे विज्ञानावर उपकारच झाले. गावकऱ्यांनी वेधशाळेसाठी टेकडीवरची जागा देऊ केली आणि वर जाण्यासाठी गाडीरस्ता करून देण्याचीही तयारी दाखविली. ती टेकडी आज 'मंगळाची टेकडी' म्हणूनच ओळखली जाते. तेथेच व्हेस्टो स्लायफर याने १९१२ पासून तेजोमेघांचा वेग मोजला. विश्व प्रसरण पावत आहे या सिद्धांताच्या पायातील एक दगड त्याने बसविला. तेथेच १८ फेब्रुवारी १९३० रोजी कॅन्ससच्या शेतावरून आलेल्या चोवीस वर्षांच्या क्लाइड टॉम्बॉ या तरुणाने छायाचित्रांच्या काचा एकमेकींशी ताडून पाहताना प्लूटो शोधला. गावातील सामान्य माणसाला खगोलशास्त्र कळत होते असे नव्हे. परंतु आपल्या गावाचे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत छापून आले आणि ते आकाशामुळे आले, एवढे त्याला नक्की कळत होते. कायद्याच्या मुळाशी अशी एखादी गावकीची आपुलकी असली तर कायदा टिकतो, असे मला वाटते.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत जाहिरातीची एक नवी तऱ्हा फोफावली होती. नवे दुकान उघडले किंवा मोटारींचा सेल लागला की दारात भलामोठा सर्चलाइट उभा करावयाचा आणि त्याचा झोत रात्रभर आकाशात फिरवावयाचा. दुसऱ्या महायुद्धात विमाने शोधण्यासाठी वापरलेले हे दिवे युद्ध संपल्यावर व्यापाऱ्यांच्या हाती आले. मैलोगणती दुरून गिऱ्हाइकाला तो झोत दिसे. मंगळाच्या टेकडीवर मात्र रात्रभर उघड्या ठेवलेल्या छायाचित्रांच्या काचांवर त्यामुळे धुरकट पडदा चढे आणि अंधुक ताऱ्यांची नोंद पुसली जाई. नगरसभेपुढे गाऱ्हाणे गेले. १५ एप्रिल १९५८ रोजी नगरसभेने ठराव करून नगराच्या हद्दीत जाहिरातीच्या सर्चलाइटवर बंदी घातली. त्या वेळी गावाची वस्ती वीस हजारांहूनही कमी होती. एका प्रकारच्या दिव्यापुरता तो नियम होता. घराचे, दुकानाचे, रस्त्याचे दिवे त्यात आले नव्हते. तरीही आकाश ही सर्वांच्या मालकीची वस्तू असून एकाने आपल्या धंद्यासाठी ती खराब करू नये, हे तत्त्व त्या लहानशा ठरावात प्रथमच एका नगराच्या दफ्तरात नोंदले गेले. आपल्याकडे विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्याविषयी गावकी असेच बोलत आली आहे.

हा ठराव वेळेवर झाला, याची साक्ष कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन देतो. १९०४ मध्ये तेथे वेधशाळा स्थापन झाली तेव्हा पायथ्याचे लॉस एंजेलिस हे मध्यम आकाराचे शहर होते. १९१७ मध्ये बसविलेल्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबल याने आपल्या आकाशगंगेपलीकडे इतर दीर्घिका आहेत हे सिद्ध केले. पण शहर वाढत गेले आणि त्याच्या उजेडाचा घुमट डोंगरावर चढत गेला. मग युद्ध आले. जपानी हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसवर काळोख पाळण्याची सक्ती झाली. वाल्टर बाडे हा खगोलशास्त्रज्ञ जर्मन नागरिक होता, म्हणजे अमेरिकेच्या लेखी शत्रुराष्ट्राचा माणूस. इतर शास्त्रज्ञ युद्धकार्यात गुंतले असता त्याला त्या कामात प्रवेश नव्हता. वेध घेण्याची परवानगी मात्र त्याला मिळाली. १९४३ च्या त्या काळोख्या रात्रींत त्याने देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातील तारे सुटे सुटे टिपले. तोवर ते कोणाला जमले नव्हते. ताऱ्यांच्या दोन वेगवेगळ्या पिढ्या असतात हा त्याचा शोध त्यातूनच निघाला आणि पुढे १९५२ मध्ये विश्वातील अंतरे आपण समजत होतो त्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत, असे त्याने दाखवून दिले. शहराने दिवे मालवले तेव्हा विश्व दुप्पट मोठे झाले! १९८५ मध्ये मात्र ती १०० इंची दुर्बीण काही वर्षांसाठी बंद ठेवण्यात आली. उजेडापुढे तिचा उपयोग फारच मर्यादित झाला होता.

हेच दुर्दैव आपल्या अगदी जवळच्या एका संस्थेच्या वाट्याला आले. माझ्या वाचकांपैकी अनेकांना व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे हे ठाऊक असेल. ती दोन वेळा उजेडापासून पळाली आहे हे कदाचित ठाऊक नसेल. १५८२ च्या पंचांगसुधारणेच्या वेळी व्हॅटिकनमध्ये 'वाऱ्यांचा मनोरा' उभा होता. एकोणिसाव्या शतकात येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी रोममधील संत इग्नाती यांच्या चर्चच्या छतावर दुर्बीण बसवून ताऱ्यांचे त्यांच्या वर्णपटानुसार वर्गीकरण केले. शहराच्या ऐन मध्यात, चर्चच्या छतावर! त्या काळी रोमची रात्र इतकी काळी होती. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी व्हॅटिकन वेधशाळेची पुनःस्थापना केली आणि संपूर्ण आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात एक पट्टा आपल्याकडे घेतला. काचांवरील ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे किचकट काम १९१० ते १९२१ या काळात मारिया बाम्बिना संघाच्या धर्मभगिनींनी केले. एक जण सूक्ष्मदर्शकातून पाही आणि अंक उच्चारी, दुसरी ते लिहून घेई. अशा रीतीने त्यांनी ४,८१,२१५ तारे नोंदविले. त्यांची नावे कित्येक वर्षे कोणाला माहीत नव्हती. २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली: एमिलिया पोंझोनी, रेजिना कोलोंबो, कोंचेत्ता फिनार्दी आणि लुइजा पांचेरी. या संघाच्या धर्मभगिनी १८६० पासून भारतातही सेवा करीत आहेत.

त्या काचा टिपल्या गेल्या त्याच रोममध्ये विजेचे दिवे वाढले आणि व्हॅटिकनमधून अंधुक तारे पाहणे दुरापास्त झाले. पोप अकरावे पायस यांनी वेधशाळा रोमच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटरवरील कास्तेल गांदोल्फो येथे आपल्या उन्हाळी निवासस्थानात हलविली. २९ सप्टेंबर १९३५ रोजी तिचे उद्घाटन झाले. १९५७ मध्ये तेथे नवी श्मिट दुर्बीण बसली. पण शहर त्यांच्या मागोमाग टेकड्यांपर्यंत येऊन पोहोचले. १९७० नंतर तेथील आकाशही उजळून गेले. तेव्हाचे संचालक फादर जॉर्ज कॉइन यांनी १९८१ मध्ये संशोधनाचे दुसरे केंद्र ॲरिझोनातील टूसॉन येथे उघडले. महासागर ओलांडून त्याच राज्यात का जावे? कोरडी हवा व ॲरिझोना विद्यापीठाची वेधशाळा ही कारणे होतीच. पण टूसॉन हे नगर आपला अंधार राखण्यासाठी झटत होते, हेही तेथे जाणाऱ्यांच्या पथ्यावर पडले.

टूसॉनजवळ किट पीक या शिखरावर १९५८ पासून राष्ट्रीय वेधशाळा उभी राहिली. ती जागा तोहोनो ओओधम या आदिवासींची असून त्यांच्या संमतीने भाडेपट्ट्याने घेतलेली आहे. १९७२ मध्ये टूसॉन नगर आणि भोवतालचा पीमा परगणा यांनी बाहेरच्या दिव्यांविषयी नियम केले. पुढच्याच वर्षी फ्लॅगस्टाफच्या कोकोनिनो परगण्यानेही ते केले. येथे सर्चलाइट सोडून प्रथमच साध्या, रोजच्या दिव्यांचा विचार झाला. नियमाचे सार एका वाक्यात सांगता येते: दिव्याला टोपी घाला. पथदिव्याचा प्रकाश रस्त्यावर पडावयाचा असतो. तो आडवा किंवा वर गेला तर रस्त्याला त्याचा काही उपयोग नाही, विजेचे बिल मात्र चढते. वर गेलेला प्रकाश हवेतील रेणूंवर आणि धुळीवर विखुरतो व खाली परततो. शहरावर दिसणारा तो केशरी किंवा पांढुरका घुमट म्हणजे हा वाया गेलेला प्रकाशच. निळा रंग अधिक विखुरतो, म्हणूनच दिवसा आकाश निळे दिसते. त्यामुळे निळसर पांढरे दिवे सर्वांत घातक. उलट, कमी दाबाचा सोडियमचा दिवा एकाच पिवळ्या रंगाचा प्रकाश देतो आणि खगोलशास्त्रज्ञाला तेवढा एक रंग गाळून टाकता येतो. त्या पिवळ्या उजेडात माणसांचे चेहरे आजारी दिसतात, लाल मोटार कोणती आणि करडी कोणती हे ओळखू येत नाही, म्हणून व्यापाऱ्यांना तो मुळीच आवडत नसे. त्यांची तक्रार अगदीच खोटी होती असे म्हणता येत नाही.

१९८८ मध्ये किट पीकवरील खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड क्रॉफर्ड आणि टूसॉनचे डॉक्टर व हौशी आकाशनिरीक्षक टिम हंटर यांनी 'इंटरनॅशनल डार्क-स्काय असोसिएशन' स्थापन केली. इतर नगरांना नियमांचे नमुने पुरविणे हे तिचे एक मुख्य काम. मात्र नियमशास्त्रात खरी मजल मारली ती पुन्हा फ्लॅगस्टाफने, १९८९ मध्ये. टोपी घातली तरी दिव्यांची संख्या अमर्याद वाढली तर काय? जमिनीवर पडून परावर्तित होणारा प्रकाशही अखेर वर जातोच. तेव्हा नगराने जमिनीच्या क्षेत्रफळावर उजेडाचे मापच बांधून दिले. वेधशाळांना लागून असलेल्या पट्ट्यात एकरी २५,००० ल्युमेन, त्याबाहेर ५०,००० आणि उरलेल्या पट्ट्यात १,००,०००. टोपी नसलेल्या दिव्यांना याहून पुष्कळ कमी. ल्युमेन हा शब्द परका वाटेल, म्हणून आपल्या हिशेबात सांगतो. जुन्या ६० वॉटच्या बल्बाचा प्रकाश साधारण ८०० ल्युमेन. एकराचे गुंठे ४०. म्हणजे वेधशाळेजवळच्या दुकानदाराला गुंठ्यामागे असा एक बल्बही पुरता मिळत नाही, आणि दूरच्या पट्ट्यातील दुकानदाराला जेमतेम तीन. पेट्रोलपंपाच्या किंवा मोटारविक्रीच्या अंगणात ज्याने कधी पाऊल ठेवले आहे त्याला ही मर्यादा किती कडक आहे ते समजेल. इमारतीला परवानगी मागतानाच मालकाने दिव्यांची यादी द्यावयाची आणि नगराच्या कर्मचाऱ्याने बेरीज करून पाहावयाची. 'फार प्रखर नको' अशा मोघम शब्दांवर भांडणे होतात. बेरजेवर ती कमी होतात.

फळ काय मिळाले? २४ ऑक्टोबर २००१ रोजी फ्लॅगस्टाफला जगातील पहिले 'डार्क स्काय सिटी' म्हणून मान्यता मिळाली. मानपत्रांवर माझा फारसा विश्वास नाही. परंतु एक मोजमाप विश्वास ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या शास्त्रज्ञांनी फ्लॅगस्टाफची वायोमिंग राज्यातील शायेन या जवळजवळ तितक्याच वस्तीच्या शहराशी तुलना केली, तेव्हा शायेन सुमारे १४ पट अधिक प्रकाश आकाशात सोडते असे आढळले. फ्लॅगस्टाफमध्ये आज पाऊण लाख लोक राहतात, विद्यापीठ आहे, हॉटेले आहेत, पर्यटक येतात. अंधारामुळे गाव ओस पडले नाही. अमेरिकेच्या नौदलाने वॉशिंग्टनच्या उजेडाला कंटाळून आपली ४० इंची दुर्बीण १९५५ मध्येच येथे आणली होती, आणि प्लूटोचा चंद्र शॅरन १९७८ मध्ये ओळखला गेला तो येथेच टिपलेल्या काचांवर.

इतके सांगितल्यावर एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. अंधार राखणारे हात नेहमीच स्वच्छ नसतात. टूसॉनच्या ईशान्येस असलेला माउंट ग्रॅहम हा डोंगर वेधशाळांसाठी निवडला गेला आणि १९९३ मध्ये सुमारे ३,२०० मीटर उंचीवर व्हॅटिकनची १.८ मीटर व्यासाची दुर्बीण तेथे कार्यान्वित झाली. सान कार्लोस अपाची आदिवासींपैकी अनेकांना तो डोंगर पवित्र आहे. शिवाय तेथील शिखरावर लाल खारीची एक दुर्मीळ उपजात राहते. अमेरिकन काँग्रेसने १९८८ मध्ये खास कायदा करून या प्रकल्पाला वन्यजीवरक्षणाच्या नेहमीच्या अटींतून वाट काढून दिली. आदिवासींनी व निसर्गप्रेमींनी न्यायालयात आणि रस्त्यावर विरोध केला. वेधशाळेच्या तत्कालीन धुरिणांना डोंगराच्या पावित्र्याचा दावा पटला नाही. मला वाटते, या प्रकरणी आपली बाजू मांडताना आपण अधिक नम्र असावयास हवे होते. दुकानदाराने आपल्या सर्चलाइटने सर्वांचे आकाश खराब करू नये हे ज्यांना पटते, त्यांना दुसऱ्याच्या डोंगराविषयीही तोच प्रश्न विचारता आला पाहिजे. त्याच वेधशाळेचे संचालकपद २०२५ मध्ये गोवा प्रांताचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आले. आपल्या कोकणकिनाऱ्याचा माणूस आता त्या दुर्बिणीचा उत्तराधिकारी आहे.

इतर देशांनी काय केले ते थोडक्यात पाहू. स्पेनने १९८८ मध्ये कॅनरी बेटांवरील वेधशाळांसाठी 'आकाशाचा कायदा' केला. इटलीत केंद्र सरकार स्वस्थ बसले, पण प्रांत पुढे सरले: १९९७ मध्ये व्हेनेतो, २००० मध्ये लोंबार्दी, आणि त्याच वर्षी लात्सिओ, म्हणजे कास्तेल गांदोल्फो ज्या प्रांतात आहे तो. वेधशाळा निघून गेल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी! लोंबार्दीचा नियम सर्वांत सोपा व कडक: क्षितिजाच्या वर दिव्याने प्रकाश सोडावयाचा नाही, मुळीच नाही. फ्रान्सने २०१३ पासून दुकानांच्या काचेतले दिवे मध्यरात्रीनंतर मालविण्याची सक्ती केली. ज्या देशाने कंदील टांगविले त्यानेच. फ्लोरिडातील किनारी परगण्यांनी तर ताऱ्यांसाठी नव्हे, कासवांसाठी नियम केले. वाळूतून बाहेर पडलेले कासवाचे पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावते. पूर्वी ते क्षितिज म्हणजे समुद्र असे, आता हॉटेल असते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ही पिल्ले पाहायला लोक दुरून येतात. किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नव्या शतकात एलईडी दिवा आला आणि जुने गणित विस्कटले. तो वीज वाचवितो, म्हणून नगरपालिकांनी हातोहात उचलला. पण सुरुवातीचे दिवे निळसर पांढरे, आणि स्वस्त म्हणून जेथे एक होता तेथे तीन. फ्लॅगस्टाफपुढे निराळाच पेच आला. कमी दाबाच्या सोडियम दिव्यांचे उत्पादन थांबत चालले. तेव्हा नगराने अनेक वर्षे चाचण्या घेऊन पिवळट-केशरी रंगाच्या एलईडीकडे वळण्याचा मार्ग शोधला. टूसॉनने २०१६-१७ मध्ये आपले हजारो पथदिवे बदलले आणि मध्यरात्रीनंतर ते मंद करण्याची सोय केली. या सोयीचा उपयोग करून शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एक प्रयोग केला: काही रात्री पथदिवे मंद, काही रात्री प्रखर ठेवावयाचे आणि उपग्रहातून शहर पाहावयाचे. निष्कर्ष असा निघाला की शहरातून वर जाणाऱ्या प्रकाशात पथदिव्यांचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. उरलेला सारा जाहिरातफलक, वाहनतळ, मैदाने, दुकाने, घरे यांचा. नगरपालिकेने आपले दिवे सुधारले की काम झाले, हा समज यामुळे मोडला.

आणि भय? रात्रपाळीहून परतणारी नर्स, पहाटे मासळी किंवा भाजी घेऊन निघणारी बाई यांना अंधाराची भलामण ऐकवू नये, हे मीही जाणतो. परंतु डोळ्यांवर येणारा उघडा दिवा वाटेला कमी आणि डोळ्यांना जास्त उजळतो. त्याच्या मागे कोण उभे आहे ते दिसत नाही. टोपी घातलेला मंद दिवा पायाखालची वाटही दाखवितो आणि समोरचा माणूसही. फ्लॅगस्टाफच्या नियमांनी दिवे बंद करावयास कधीच सांगितले नाही, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

भारतात या वाटेवर पहिले पाऊल लडाखमध्ये पडले. हानले येथे ४,५०० मीटर उंचीवर आपली राष्ट्रीय वेधशाळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील प्रशासन, लेहची स्वायत्त पर्वतीय परिषद आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश काळोख्या आकाशाचा राखीव प्रदेश म्हणून जाहीर केला. गावकऱ्यांना दुर्बिणी व प्रशिक्षण देण्यात आले, म्हणजे अंधार त्यांच्या पोटापाण्याच्या आड न येता पोटापाण्याचे साधन झाला. महाराष्ट्रात नागपूरजवळील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया यांसारख्या लगतच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे वळविण्यात आली. फ्लॅगस्टाफने जे ६० वर्षांत हळूहळू साधले, त्याचा गाभा विदर्भातील त्या खेड्यांनी थोड्या अवधीत उचलला.

शहरांची गोष्ट वेगळी आहे. २०२४ मध्ये मुंबई परिसरात झाडांना बारमाही गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, आणि मुंबई महानगरपालिकेने झाडांवरील माळा उतरविण्यास सांगितले. तेथे गाऱ्हाणे झाडांचे आणि पाखरांचे होते. शेजारच्या खिडकीत रात्रभर शिरणाऱ्या जाहिरातफलकाविषयी काय करावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला. ध्वनीसाठी आपल्याकडे २००० सालचे नियम आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा, निवासी भागात ४५ डेसिबल. चर्चच्या सणाच्या वेळीही आपण घड्याळाकडे पाहून ध्वनिक्षेपक बंद करतो, आणि पोलिसाजवळ आवाज मोजण्याचे यंत्र असते. प्रकाशासाठी असा कोणताही आकडा देशाच्या नियमांत अजून लिहिलेला नाही. नगरपरिषदेत तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाला 'फार प्रखर आहे हो' एवढेच सांगता येते, आणि कारकुनाला ते कोणत्या रकान्यात लिहावे हे कळत नाही.